वाग्दत्ता आणि व्रतस्था

वचन, नवस आणि व्रत हे तीन शब्द आपण पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. परंतु त्यांच्यातील भेद लहान नाही. वचन माणूस माणसाला देतो. नवस संकटाच्या घटकेला देवाला बोलला जातो. व्रत शांत चित्ताने, पुरत्या विचाराने घ्यायचे असते आणि ते आयुष्यभर पाळायचे असते. तिन्हींच्या मुळाशी मात्र एकच गोष्ट गृहीत धरलेली असते : देणाऱ्याने जे दिले ते त्याचे स्वतःचे होते. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू दान करता येत नाही. मग दुसऱ्याच्या मुठीत असलेली इच्छा देवाला कशी अर्पण करता येईल? आणि ती अर्पण करावयास ज्याला भाग पाडले, ते माणूस पुढे घसरले, तर त्या पापाचे ओझे कोणाच्या खांद्यावर ठेवायचे?

ह्या प्रश्नाचा विचार करताना आलेस्सांद्रो मान्झोनी (१७८५–१८७३) ह्या इटालियन लेखकाची एक कादंबरी वारंवार आठवते. तिचे नाव 'इ प्रोमेस्सी स्पोसी', म्हणजे 'वाग्दत्त वधूवर'. १८२७ साली ती प्रथम पूर्ण प्रसिद्ध झाली आणि पुढे भाषेवर नव्याने संस्कार करून मान्झोनींनी १८४० ते १८४२ ह्या काळात तिची सुधारित आवृत्ती काढली. लेखकाविषयी इटलीत केवढा आदर होता हे सांगायला एक गोष्ट पुरे : त्यांच्या पहिल्या स्मृतिदिनी, १८७४ साली, मिलानमध्ये जी मिस्सा प्रथम गायिली गेली ती व्हेर्दी ह्या थोर संगीतकाराने त्यांच्यासाठी रचलेली होती. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २७ मे २०१५ रोजीच्या आपल्या बुधवारच्या प्रवचनात, वाङ्निश्चय झालेल्या तरुण-तरुणींनी ही कादंबरी अवश्य वाचावी, असे आवर्जून सांगितले होते. ताटातूट झालेल्या दोन प्रेमिकांची कथा म्हणून ती सर्वत्र ओळखली जाते. मला मात्र तिच्यातील दोन स्त्रिया एकमेकींशेजारी ठेवून पाहाव्याशा वाटतात. एक लुचिया, गरीब घरची कामकरी मुलगी. दुसरी जेर्त्रूदे, एका सरदाराची कन्या.

कथेचा काळ १६२८ ते १६३० हा आहे. उत्तर इटलीतील लोम्बार्दी प्रांतावर तेव्हा स्पेनची सत्ता होती. कोमो सरोवराच्या काठी, लेक्को गावाजवळच्या एका खेड्यात लुचिया आपल्या विधवा आईबरोबर, आग्नेझेबरोबर, राहते. रेशमाच्या कोशांतून धागा काढण्याच्या कामावर ती जाते. रेन्झो हा तिचा वाग्दत्त वरही रेशीम विणणारा कारागीर आहे. कामावरून परतताना लुचिया गावच्या मुजोर जमीनदाराच्या, डॉन रॉद्रिगोच्या, नजरेस पडते. तो आपल्या चुलतभावाशी तिच्याविषयी पैज लावतो. लग्नाच्या आदल्या दिवशी, ७ नोव्हेंबर १६२८ रोजी, त्याचे दोन गुंड गावच्या धर्मगुरूंना वाटेत अडवून हे लग्न लावायचे नाही असे धमकावतात. धर्मगुरू डॉन अब्बोंदिओ भित्रे आहेत. लग्न राहून जाते. शेवटी फादर क्रिस्तोफोरो ह्या कपुचिन संन्याशाच्या साहाय्याने तिघेही रातोरात गाव सोडतात, आणि आईसह लुचिया मोन्झा गावच्या एका मठात आश्रयाला येते.

ह्या मठात जिच्या शब्दाला सर्वांत अधिक वजन आहे ती जेर्त्रूदे. तिला तेथे कोणी नावाने हाक मारीत नाही. सारे तिला 'बाईसाहेब' म्हणतात. तिचे वडील मिलानमधील मोठे सरदार. घराण्याची दौलत अखंड राहावी म्हणून ती थोरल्या मुलाकडे जायची आणि बाकीच्या मुलामुलींनी मठाची वाट धरायची, असा त्या घरचा नियम होता. मुलीचे लग्न करायचे तर मोठा हुंडा द्यावा लागे. मठाला द्यावयाची रक्कम त्याच्या मानाने पुष्कळच कमी असे. तेव्हा जेर्त्रूदेचे भवितव्य तिच्या जन्माआधीच ठरून गेले होते. तिला खेळायला दिलेल्या बाहुल्याही धर्मभगिनींच्या वेशातल्या होत्या. तिचे कौतुक करायचे झाले तर घरचे म्हणत, मठाध्यक्षा शोभेल हो पोर! सहाव्या वर्षी तिला शिक्षणासाठी मठात ठेवण्यात आले. 'तू धर्मभगिनी हो' असे तिला कोणी सरळ कधीच सांगितले नाही. सांगण्याची गरजच नव्हती, कारण दुसरा काही विचार तिच्या मनात येऊ शकेल, हेच त्या घरात कोणाच्या मनात येत नव्हते.

तरीही तो विचार आलाच. मठातील इतर मुली लग्नाच्या, मेजवान्यांच्या गोष्टी करीत, तेव्हा तिच्याही मनात संसाराचे चित्र उमटले. तिने धीर करून वडिलांना पत्र लिहिले की, मला हे जीवन नको. त्या पत्राला उत्तर आले नाही. ती घरी आली तेव्हा तिच्याशी कोणी बोलेना. घरातील एका तरुण हुजऱ्याने तेवढी सहानुभूती दाखविली. त्याला लिहिलेली चिठ्ठी पकडली गेली आणि ती खोलीत कोंडली गेली. एकान्त, लाज आणि भीती ह्यांनी खचून तिने वडिलांची क्षमा मागितली. क्षमेची ती याचना म्हणजेच मठात जाण्याची संमती, असा अर्थ वडिलांनी तत्काळ लावला आणि घरभर आनंदीआनंद केला. काल जिच्याशी कोणी बोलत नव्हते तिच्या हाताचे आज सारे मुके घेऊ लागले. धाकापेक्षा ह्या लाडाने तिचा जास्त घात केला, असे वाचताना वाटत राहते. धाकाला विरोध करता येतो. पण आपल्यामुळे फुललेले घर पुन्हा काळवंडून टाकायला वेगळेच बळ लागते.

आता मठातील ती पहिली भेट पाहा. जाळीच्या एका बाजूला बाईसाहेब, दुसऱ्या बाजूला भेदरलेली लुचिया आणि तिची आई. जेर्त्रूदे विचारते, त्या जमीनदाराचा छळ खरोखरच तुला नकोसा होता ना? लुचिया लाजेने गप्प होते आणि आग्नेझे मुलीच्या वतीने बोलू लागते. त्यासरशी जेर्त्रूदे तिच्यावर कडाडते. आईबापांपाशी मुलांच्या नावाने द्यायला उत्तर नेहमीच तयार असते, ते मला चांगले ठाऊक आहे, अशा आशयाचे ती बोलते. तेव्हा लुचिया मान वर करून सांगते की, आई म्हणते ते खरे आहे आणि रेन्झोला मी माझ्या इच्छेने वरीत होते.

माझ्या मते साऱ्या कादंबरीचे मर्म ह्या चार-सहा वाक्यांत आहे. लुचियाच्या अंगावर मोलाचे काही नाही. गाव सुटले आहे, लग्न मोडल्यात जमा आहे, उद्याचा घास कोठून येईल हे माहीत नाही. पण 'माझ्या इच्छेने' हे दोन शब्द ती खरेपणाने उच्चारू शकते. जाळीपलीकडच्या उमरावकन्येने हेच शब्द आयुष्यात एकदा उच्चारले होते, आणि ते खोटे होते.

कधी उच्चारले होते? ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली असा दंडक घालून दिला होता की, मठात प्रवेश करणाऱ्या मुलीची बिशपांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधीने स्वतंत्र चौकशी करावी. तिच्यावर कोणी जबरदस्ती तर केली नाही ना, तिला भुलविले तर नाही ना, आपण काय करीत आहोत हे तिला समजते ना, हे विचारून घ्यावे. मुलीला बळजबरीने मठात घालणाऱ्यांस परिषदेने धर्मबहिष्काराची शिक्षाही सांगितली होती. तेव्हा ख्रिस्तसभेचा नियम मुलीच्या बाजूने होता, हे विसरता कामा नये. जेर्त्रूदेकडेही असे परीक्षक धर्मगुरू येतात. ते भले गृहस्थ आहेत. जे विचारायला हवे ते सारे ते विचारतात. परंतु ते येण्यापूर्वीच वडिलांनी मुलीला एकान्तात बजावलेले असते : तू जरा जरी अडखळलीस तर लोकांच्या मनात शंका येईल, आणि मग घराण्याची अब्रू राखण्यासाठी तुझ्या ह्या निर्णयाचे खरे कारण मला सांगावे लागेल. त्या हुजऱ्याला लिहिलेली चिठ्ठी! बिचारी मुलगी एकामागून एक प्रश्नाला खोटे उत्तर देत जाते. सारे काही मी स्वेच्छेने करीत आहे, म्हणते. परीक्षक समाधानाने परततात.

ह्याच्या शेजारी कादंबरीच्या अखेरीस येणारी दुसरी परीक्षा ठेवावी. मध्यंतरी लुचियावर भयंकर प्रसंग गुदरला. एका दुष्ट, प्रबळ सरदाराने तिला पळवून आपल्या गढीत कोंडले. लेखकाने त्याचे नाव सांगितलेले नाही. त्याला 'अनामिक' म्हणू. त्या रात्री अंधारात जपमाळ हातात धरून तिने पवित्र मरियेला नवस केला : मला सुखरूप आईकडे पोहोचव, मी रेन्झोचा त्याग करून आजन्म कुमारी राहीन. ती सुटली आणि नवसाला बांधली गेली. १६३० साली मिलानमध्ये प्लेगने थैमान घातले असता, रोग्यांसाठी उभारलेल्या छावणीत रेन्झो तिला शोधून काढतो. पण ती त्याला परत जायला सांगते. तेथेच फादर क्रिस्तोफोरो रोग्यांची सेवा करीत आहेत. त्यांनाही प्लेगने गाठले आहे. ते लुचियाला विचारतात : नवस बोलताना तू रेन्झोला दिलेले वचन तुला आठवले होते का? रेन्झोशी लग्न न करण्याला नवसावाचून दुसरे काही कारण आहे का? मग ते तिला समजावितात की, आपण आपले तेच देवाला देऊ शकतो. जे आधीच दुसऱ्याला वचनाने देऊन टाकले आहे, ते त्याला न विचारता देवाला वाहता येत नाही. तिने मागितल्यास नवसातून मोकळे करण्याचा अधिकार आपल्याला आहे, असेही ते सांगतात. लुचिया मागते. ती मोकळी होते.

दोन्ही ठिकाणी धर्मगुरूच विचारीत आहेत आणि मुलगीच उत्तर देत आहे. एकीकडे नियमाचे पालन अक्षरशः झाले आणि सत्य बाहेर आले नाही. दुसरीकडे मरणाच्या छायेत, छावणीतील एका खोपटात, सत्य सहज बाहेर आले. हा फरक कशाने पडला? प्रश्नांमुळे नव्हे. जेर्त्रूदेच्या परीक्षकांच्या पाठीमागे तिचे वडील उभे होते. ते दिवाणखान्यात नव्हते, पण होतेच. 'नाही' म्हटल्यावर रात्री आपले काय होईल, हे तिला पक्के ठाऊक होते. क्रिस्तोफोरोंच्या पाठीमागे कोणी नव्हते. लुचियाने 'मला नवसच पाळायचा आहे' असे सांगितले असते, तर तेही त्यांनी ऐकून घेतले असते. खरे उत्तर हवे असेल तर दोन्ही उत्तरांना घरात जागा असावी लागते.

येथे कोणी म्हणेल, मग निष्कर्ष सोपा आहे : श्रीमंतीने माणसे बिघडतात आणि गरिबीत शील टिकते. मान्झोनी इतके भाबडे नाहीत. लुचियाच्या झोपडीतही तिच्या इच्छेवर दडपण आलेच होते. त्या काळच्या नियमाप्रमाणे धर्मगुरू आणि दोन साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांनी एकमेकांचा स्वीकार शब्दांनी केला की विवाह मान्य होई. डॉन अब्बोंदिओंना घरी अवचित गाठून असे लग्न उरकण्याची युक्ती आग्नेझेने सुचविली, तेव्हा लुचियाला ती पटली नव्हती. रेन्झोने संतापून डॉन रॉद्रिगोचा खून करण्याची भाषा केली, तेव्हा ती घाबरून कबूल झाली. तिच्यावर जिवापाड प्रेम करणाऱ्यानेच तिच्या भीतीचा उपयोग करून घेतला. पुढे ती डॉन्ना प्रास्सेदे ह्या परोपकारी धनिक बाईच्या घरी राहते, तेव्हा ती बाईही तिच्या कल्याणासाठीच तिला रेन्झोला विसरायला लावण्याचा सारखा प्रयत्न करते. गरीब असो वा श्रीमंत, मुलीच्या इच्छेचा मुखत्यार व्हायला प्रत्येक घर उत्सुक असते. सरदाराच्या घरी हा मोह अधिक बळकट झाला तो एवढ्यासाठी की, तेथे सांभाळायला दौलत होती आणि मिरवायला घराणे होते.

राहिला जबाबदारीचा प्रश्न. जेर्त्रूदेचे पुढे काय झाले? मठाला लागून असलेल्या घरातील एजिदिओ नावाच्या दुर्वृत्त माणसाने तिच्याशी बोलण्याचे धाडस केले आणि त्या दुर्दैवी स्त्रीने प्रतिसाद दिला. पहिल्या खर्ड्यात लांबलचक रंगविलेले हे पतन छापील कादंबरीत मान्झोनींनी मोजक्या शब्दांत आटोपले आहे. नंतर त्यांचे गुपित उघड करण्याची धमकी देणारी मठातील एक सेविका नाहीशी होते. तिचा खून झालेला असतो. आणि शेवटी एजिदिओच्या सांगण्यावरून जेर्त्रूदे लुचियाला, जिने तिच्यावर विश्वास टाकला होता तिला, एक निरोप पोहोचविण्याच्या निमित्ताने एकटीच मठाबाहेर पाठविते. वाटेत 'अनामिका'ची माणसे गाडी घेऊन टपलेली असतात. लुचिया उंबरठा ओलांडणार इतक्यात जेर्त्रूदे तिला परत हाक मारते. क्षणभर सारे काही बदलू शकले असते. पण ती पुन्हा त्याच खोट्या सूचना सांगते आणि तिला जाऊ देते.

ह्या हाकेपाशी वाचक थांबला पाहिजे. जिला कोंडले, फसविले, लाजेने बांधले, तिच्या व्रताचा दोष वडिलांच्या माथी आहे, यात शंका नाही. परंतु लुचियाला बाहेर घालविणारा शब्द जेर्त्रूदेचा स्वतःचा होता. तो वडिलांच्या माथी मारता येत नाही, आणि मान्झोनीही तसे करीत नाहीत. तिच्याविषयी त्यांना कणव आहे, पण ती कणव पापाला पाप म्हणण्याच्या आड येत नाही. तरीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परत बोलावूनही 'जाऊ नकोस' हे दोन शब्द तिच्या ओठांवर आले नाहीत, कारण बळकट इच्छेपुढे 'नाही' म्हणण्याची शक्ती तिच्यात कोणी उरू दिलीच नव्हती. सरदाराला वाटले, आपण मुलीला आज्ञाधारक केले. प्रत्यक्षात त्याने तिची इच्छा मोडली, आणि मोडलेली इच्छा केवळ बापाचेच ऐकेल असे थोडेच आहे? पुढे ज्याचा आवाज चढा, त्याचे ती ऐकते. उलट, जिने डॉन रॉद्रिगोला नकार दिला होता तीच लुचिया, 'अनामिका'च्या गढीत अंगाचा थरकाप होत असतानाही, दयेच्या एका कृत्याने देव किती क्षमा करतो, हे त्याला सांगू शकली. आणि त्या बोलण्यानेच त्या कठोर माणसाची झोप उडाली. तिचे आज्ञापालन आणि तिचे धैर्य ही एकाच निरोगी इच्छेची दोन रूपे होती.

जेर्त्रूदे ही निव्वळ कल्पनेची निर्मिती नाही. मारियान्ना दे लेय्वा (१५७५–१६५०) ही मोन्झाच्या मठातील सरदारकन्या तिच्यामागे आहे. मान्झोनींनी तिचा काळ थोडा पुढे आणला आहे. १६०८ साली धर्मन्यायालयाने तिला शिक्षा फर्माविली, आणि सुमारे १४ वर्षे ती मिलानमध्ये भिंतीने बंद केलेल्या खोलीत राहिली. कादंबरीतही शेवटी कळते की, जेर्त्रूदेची रवानगी मिलानच्या एका मठात झाली. तेथे पुष्कळ आकांतानंतर तिला पश्चात्ताप झाला, तिने अपराध कबूल केले, आणि आता ती आपण होऊन इतके कठोर प्रायश्चित्त घेत आहे की, त्याहून कठोर दुसऱ्या कोणी सांगणे कठीण. आयुष्यात प्रथमच तिने काहीतरी स्वतःच्या इच्छेने देवाला दिले. किती उशिरा, आणि केवढी किंमत मोजून!

हे सारे चारशे वर्षांपूर्वीचे आहे आणि आपल्या घरांत मुलींना कोंडून मठात धाडीत नाहीत, हे खरे. १९८३ च्या धर्मसंहितेनेही स्पष्ट शब्दांत सांगून ठेवले आहे : जीवनमार्गाची निवड करताना कोणत्याही सक्तीपासून मुक्त असण्याचा प्रत्येक श्रद्धावंताला हक्क आहे (कलम २१९), जबरदस्तीने किंवा गंभीर भयापोटी केलेला विवाह रद्दबातल आहे (कलम ११०३), गंभीर आणि अन्याय्य भयापोटी घेतलेले व्रत मुळातच निरर्थक आहे (कलम ११९१). पण नियम ट्रेंटच्या काळीही होता. परीक्षकही आले होते. नियम घराच्या दारापर्यंत येऊ शकतो. दाराआड आदल्या रात्री काय बोलले गेले, हे त्याला ऐकू येत नाही. विवाहापूर्वी धर्मगुरू आजही वधूवरांना वेगवेगळे बसवून विचारतात, आणि आजही ती मुलगी घरून काहीतरी ऐकून आलेली असते. पत्रिका छापल्या गेल्या, हॉलचे पैसे भरले, मामा परदेशातून निघाले. लाजेचे साखळदंड नेहमी लोखंडाचेच असतात असे नाही. हेच उलट दिशेनेही घडते. एखादी मुलगी मनापासून संन्यस्त जीवनाकडे वळू पाहते आणि घरचे रडून, आजारपणे काढून तिला परत फिरवितात. तेथेही सरदाराचाच खेळ चाललेला असतो. फक्त वाडा लहान असतो.

जुन्या करारात इफ्ताहाची कथा आहे. लढाईपूर्वी नवस बोलला बाप आणि तो फेडावा लागला मुलीला. नव्या कराराच्या आरंभी देवदूत एका गरीब घरच्या मुलीकडे येतो. तिच्या पित्याकडे जात नाही. तो निरोप सांगतो, ती आधी प्रश्न विचारते, त्या प्रश्नाचे उत्तर तिला मिळते, आणि मगच ती होकार देते. साऱ्या मानवजातीचे तारण ज्या शब्दावर अवलंबून होते, तो शब्दसुद्धा देवाने ओढून घेतला नाही. त्याने वाट पाहिली. जेर्त्रूदेच्या वडिलांनी आपल्या देवघरात ह्या प्रसंगाचे चित्र नक्कीच पाहिले असेल. त्यातील थांबणे त्यांना दिसले नाही.

आपल्या मुलीला आपण विचारतो, 'तुझी इच्छा आहे ना?' प्रश्न योग्यच आहे. पण तो विचारण्याआधी तिने 'नाही' म्हटले तर ह्या घरात संध्याकाळी काय होईल, हे आपण स्वतःशी ठरविलेले असावे, आणि ते तिलाही माहीत असावे.